नवतपातला रविवार

26 मे, रविवार. रात्री साडेदहा, छतावर

हात दोनदा धुतले तरी बोटांच्या पेरांना हिंगाचा वास आहे. झोप येऊन राहिली, पण आज लिहायचंच आहे. उद्यावर टाकलं की निम्मं निसटतं.

बुधवारी रात्री कुरडयांसाठी दोन किलो गहू भिजत घातले होते. रोज पाणी बदललं, काल संध्याकाळी वाटून फडक्यातून चीक गाळला आणि रात्रभर पातेल्यात निवळू दिला. पहाटे साडेचारला फाटकाची कडी वाजली. महालवाली, इतवारीवाली आणि प्रतापनगरवाली, तिघी एकाच ऑटोतून उतरल्या. एकमेकींना घराच्या पत्त्यावरून हाक मारायची सवय कॉलेजपासूनची. मी त्यांची लक्ष्मीनगरवाली.

वरचं निवळ पाणी ओतून दिल्यावर तळाशी पांढराशुभ्र चीक घट्ट बसलेला असतो. जेवढा चीक तेवढंच पाणी, मीठ, हिंग. पाण्याला आधण आलं की एकीने चीक ओतायचा आणि दुसरीने थांबायचंच नाही, चाटू फिरवत राहायचं. हे काम एकटीने होत नाही, दोन जणी लागतातच. महालवाली ओतत होती, मी घोटत होते. मध्येच चाटूला जड लागायला लागलं. "गाठी होऊन राहिल्या ना, हलव लवकर!" असं म्हणत इतवारीवालीने माझ्या हातावर हात ठेवून घोटायला सुरुवात केली. दोघींच्या जोराने गाठी मोडल्या. मग तो क्षण येतो ज्यासाठी मी वर्षभर थांबते. दुधासारखा पांढरा चीक बघता बघता काचेसारखा होतो, चकाकतो, कडा सोडतो. ओलं बोट लावून बघायचं. चिकटला नाही की झाला.

तिथून पुढे पळापळ. चीक गरम असतानाच साच्यात भरावा लागतो, थंड झाला की तार निघत नाही. छतावर बाजेवर धुतलेलं धोतर अंथरून चारी टोकांना दगड ठेवले होते. साचा फडक्यात धरून दाबायचा आणि वेटोळं घालत जायचं, बाहेरून आत. साडेपाचला सूर्य वर आला तेव्हा दोन ओळी झाल्या होत्या. त्या कोवळ्या उन्हात ओल्या कुरडया इतक्या सुंदर दिसत होत्या की प्रतापनगरवाली हातातला साचा तसाच धरून बघत उभी राहिली.

पातेल्याच्या बुडाशी राहिलेला चीक आम्ही तिथेच जिन्यात बसून खाल्ला. इतवारीवालीला दूध-साखर लागते, बाकी तिघींना कच्चं तेल आणि वरून थोडं तिखट. ताटल्या नाहीत, चमचे नाहीत. चौघींची बोटं एका पातेल्यात.

आठपर्यंत छत सोडलंच पाहिजे, त्यानंतर स्लॅबवर पाय ठेववत नाही. कालपासून नवतपा लागला. सूर्य रोहिणीत गेला की नऊ दिवस तापतो, आणि जितका तापेल तितका पाऊस चांगला, असं इथली जुनी माणसं सांगतात. 2013 साली 23 मे रोजी नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. त्या दिवशीची भरदुपारची पांढरी पडलेली रिकामी सडक मला आठवते. पण मला खरंच वाटतं की या उन्हाला आपण फार शिव्या देतो. समुद्र शेकडो कोस लांब, त्यामुळे हवेत ओल नाही. म्हणूनच कुरडई इथे एका दिवसात वाळायला येते, आणि म्हणूनच वाळ्याच्या ताट्यांचा साधा कूलर एवढं गार वारं देतो. कोरडी हवा ताटीतलं पाणी पिऊन टाकते आणि गार होऊन आत येते. जूनमध्ये दमटपणा आला की तोच कूलर काही कामाचा राहत नाही.

दुपारी पडदे ओढले, कूलरमध्ये पाणी भरलं आणि गोधडी बाहेर काढली. महालवालीच्या लेकीला श्रावणात बाळ होणार आहे, त्याच्यासाठी. वरचा पदर तिच्या आजीच्या नागपुरी लुगड्याचा, कोष्ट्यांच्या हातमागावर विणलेला. काठ विटला आहे, पण सूत धुऊन धुऊन असं मऊ झालंय की गालाला लावलं तर कळत नाही. आत माझ्या आजोबांचं धोतर. ते एम्प्रेस मिलमध्ये होते. 1877 साली जमशेटजी टाटांनी सुरू केलेली ती मिल आता नाही, तिच्या जागेवर मॉल उभा आहे. भोंगा झाला की अख्ख्या वस्तीला वेळ कळायची, असं आजी सांगायची. ते धोतर कापायला मला आधी जीवावर आलं होतं. आता वाटतं, ट्रंकेत ठेवून तरी काय करणार होते?

चौघी चार बाजूंना बसतो. कडेपासून आत चौकोनी फेऱ्या, साधा धावदोरा. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दोन टाक्यांतलं अंतरही तेवढंच. इतवारीवालीचा हात सगळ्यांत सरळ. तिच्या बाजूचा दोरा पट्टीने ओढल्यासारखा जातो. कोपरा आला की गोधडी फिरवायची, म्हणजे प्रत्येकीचा हात प्रत्येक बाजूवर पडतो.

शिवताना बोलणं वेगळं होतं, हे मी किती वर्षांपासून बघतेय. नजर सुईवर असते, समोरच्याकडे बघायचं नसतं, त्यामुळे आत अडलेलं सहज बाहेर येतं. प्रतापनगरवालीने दोरा ओढता ओढता सांगितलं, "मुलाचं पुण्याचं घर झालं. दिवाळीनंतर आम्ही चाललो. कायमचे."

कूलरचा आवाज तेवढा राहिला. महालवालीने काहीच विचारलं नाही. तिने दुसरी सुई घेतली, दोरा ओवला, गाठ मारली आणि तिच्या हातात दिली. आम्ही शिवत राहिलो. मग हळूहळू सगळं बोलून झालं. घराचा कितवा मजला, तिथे छत आहे की नाही, गुडघ्यांचं कसं होणार. छत आहे, पण सोसायटीचं. तिथे बाज टाकू देतील का, हे तिला ठाऊक नाही. मला तेवढ्या एका गोष्टीने भरून आलं.

चारच्या सुमारास खिडकी एकदम पिवळी झाली. वावटळ! चौघी अनवाणीच छताकडे धावलो, तळपाय पोळले तरी कोणी थांबलं नाही. धोतराची दोन टोकं सुटून फडफडत होती. टोकं आत घेत कुरडया मधोमध गोळा केल्या आणि गाठोडं छातीशी धरून जिन्यात येऊन बसलो. चार थेंब पडले, धूळ बसली आणि मातीचा वास सुटला. सात-आठ मोडल्या, बाकी सगळ्या वाचल्या. प्रतापनगरवालीच्या केसांत धूळ, कपाळाला कुरडईचा तुकडा चिकटलेला. तो मी काढून तोंडात टाकला. वरून कडक, आत जरा ओला. आणखी एक ऊन हवं.

रात्री लांब पोळ्या. आमच्यात त्या इतवारीवालीलाच जमतात. गव्हाचं पीठ कापडाने चाळून इतकं सैल भिजवते की ते हातातून सांडेल असं वाटावं. मग आपटून आपटून त्याला तार आणते, गोळा एका हातावरून दुसऱ्या हातावर झुलवत कोपरापर्यंत वाढवते आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या घड्यावर अलगद सोडते. पोळी रुमालासारखी पातळ. अंगणात चुलीच्या उजेडात तिचे दोन्ही हात हलत होते आणि आम्ही तिघी हातातलं काम विसरून बघत होतो. आमरस, वर तुपाची धार, बाजूला कैरी-कांद्याचा तक्कू. पोळी घडी करून रसात बुडवली की विरघळते. किती खाल्ल्या ते मोजलं नाही.

आता तिघी इथेच झोपल्या आहेत. संध्याकाळी छतावर बादल्या ओतल्या होत्या, तरी स्लॅबची ऊब अजून चटईतून येतेय. दहानंतर वारा सुटला. प्रतापनगरवाली झोपलेली नाही. ती उताणी पडून वर बघतेय. मी लिहितेय हे तिला दिसतंय, पण ती काही विचारत नाही.

27 मे, सोमवार

सकाळी सातला कुरडया परत उन्हात घातल्या. अकराला एक मोडून बघितली. कट्‌ असा आवाज आला.

चार डबे भरले. प्रतापनगरवालीने आपल्या डब्यातल्या अर्ध्या काढून माझ्या डब्यात टाकल्या आणि जाताना माझा साचा उचलून पिशवीत घातला. "धुऊन आणते गुरुवारी," म्हणाली. गोधडीच्या अकरा फेऱ्या बाकी आहेत.