एकट्यानं राहायचं तर पाऊस मोजा

मिरगाच्या तोंडावर कोणी बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या शेतघरात एकटं राहायला निघालं, की गावचा पहिला प्रश्न ठरलेला: "घरात भांडण झालं काय?" दुसरा: "खुळा झालास काय?" मग सगळे जेवणाखाण्याची काळजी करत बसतात. खरं तर तांदूळ, हुलगे, मीठ आणि वाळकी लाकडं भरून ठेवणं कुणालाही जमतं. अडतं ते चार-पाच दिवसांनी. सकाळी उठायचं कशासाठी, तेच सुचत नाही. ध्यान, वाचन, चिंतन असले बेत पावसात सगळ्यात आधी वाहून जातात, कारण ते दुपारवर ढकलता येतात. काम असं हवं की वेळ चुकली तर ते गेलंच. पाऊस मोजणं हे तसलं काम.

सामान फार लागत नाही. २० सेंटिमीटर तोंडाचं नरसाळं, १० लिटरचा कॅन, मिलिलिटरच्या खुणा असलेलं माप आणि वही. या नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर भरतं, म्हणजे कॅनमधलं ३१.४ मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. ३ लिटर १४० मिली निघालं तर १०० मिलिमीटर. तोंड आडवं-उभं दोन्हीकडून मोजा. स्वस्तातली नरसाळी नीट गोल नसतात, आणि अर्धा सेंटिमीटर चुकला तरी आकडा पाच टक्के हलतो. ५ लिटरचा कॅन घेऊ नका. तो १५९ मिलिमीटरला भरतो, आणि आषाढात आपल्याकडं एका रात्रीत तेवढं पडतं.

जागा निवडण्यातच सगळं बिघडतं. वळचणीखाली ठेवलं तर छपराचा पाऊस मोजला जातो. फणसाखाली ठेवलं तर पानांतून गळलेला. झाड जेवढं उंच, त्याच्या दुप्पट तरी लांब ठेवा. कॅन अर्धा जमिनीत पुरायचा, पण खड्ड्यातलं पाणी काढून द्यायला चर खणा. नाहीतर खड्डा भरतो आणि रिकामा कॅन होडीसारखा वर येऊन आडवा होतो. बाजूनं जांभ्याचे चिरे दाबून बसवा. नरसाळ्याच्या काठाला तेवढ्याच व्यासाची, हातभर नको, चार बोटं उंच प्लास्टिकची पट्टी उभी लावा; जोराच्या सरीत थेंब उसळून बाहेर जातात ते थांबतात. आत जाळीचा तुकडा हवाच. एक पान नळीत अडकलं की पाऊस नरसाळ्यातच तुंबतो आणि काठावरून सांडतो.

वाचन सकाळी साडेआठला. हवामान खात्याचीही वेळ तीच, म्हणून तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशेजारी मांडता येतो. ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.४ च्या वर गेला तर अत्यंत मुसळधार. कोरड्या दिवशी रकाना मोकळा सोडू नका, ० लिहा. मोकळा रकाना म्हणजे तुम्ही झोपला होता.

आता गंमत. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाते. त्याच डोंगररांगेतली म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते. या पाण्यासाठी लवाद बसला, २०१८ साली त्यानं कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिलं, आणि भांडण तरी मिटलेलं नाही. एक टीएमसी म्हणजे २,८०० कोटी लिटरच्या वर. तुम्ही त्यातलं तीन लिटर मापानं ओतून बघता आणि अंगणात फेकता. ते कोणत्या राज्याच्या वाट्याचं, ते विचारायला कोणी येत नाही.

वहीत आकड्याशेजारी एक ओळ बातमीची लिहायची, आणि ती सीमाभागातल्या सभेच्या थाटात: "उंदरांचा तांदळाच्या डब्यावर मोर्चा, झाकण बंद असल्याने निवेदन न देताच परतले." लिहून झाली की मोठ्यानं वाचा. दिवसभर न बोलल्यानं घसा बसतो, तो मोकळा होतो. माणसांची उणीव पाऊसच भरून काढतो. पुनर्वसू नक्षत्राचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा, पुढं मघा म्हणजे सासू आणि पूर्वा म्हणजे सून. नक्षत्र संपलं की बेरीज करा. म्हाताऱ्यानं तरण्याला मागं टाकलं तर बातमीला ठळक मथळा द्या.

सोबतच्या जिवांबद्दल थोडक्यात. जमिनीवर झोपू नका. मण्यार रात्री अंथरुणात शिरते. खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचा. जळू लागली तर मीठ टाकण्याऐवजी तिच्या तोंडाखाली नख सरकवून सोडवा. मिठानं ती पोटातलं जखमेत ओकते. अंधारात बॅटरीशिवाय शौचाला जायचं नाही. गवा वाटेत उभा असेल तर वाट त्याची.

आणि रोजचा आकडा गावातल्या एकाला फोनवर कळवायचं ठरवून घ्या. रेंज शेतघरात नसते, टेकाडावर कुठंतरी चार पावलांच्या जागेत असते. तिथं एक दगड रोवून ठेवा. दोन दिवस आकडा आला नाही तर त्यानं बघायला यायचं. येताना मीठ आणि काडेपेटी घेऊन ये, हेही आधीच सांगून ठेवा.