‘विका’ म्हणणारा माणूस

रविवार, 18 मे 2025, पिट्सबर्ग

आमच्या पिट्सबर्गच्या बेसबॉल संघाच्या, पायरेट्सच्या, स्कीन्सने आज आठही इनिंग एकट्याने गोलंदाजी केली. कारकिर्दीत पहिल्यांदाच अख्खा सामना, आणि आपण 1-0 हरलो. फिलाडेल्फियाला एक धाव पुरली. त्या पोराचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. पण मी सकाळपासून त्या व्हिडिओतच अडकलोय.

धाकटीला कुठून मिळाला कोण जाणे. 4 एप्रिल, घरच्या मैदानावरचा मोसमातला पहिला सामना, न्यूयॉर्कच्या यांकीजशी. वरचा अख्खा मजला ‘सेल द टीम’, संघ विका, म्हणून ओरडतोय. डाव्या कोपऱ्यात एक टक्कल पडत आलेला माणूस, मानेच्या शिरा ताठ, तोंड एवढं उघडं की दाढेवरची कॅप दिसावी. डोक्यावर कोरी करकरीत काळी टोपी, पिवळा ‘पी’.

‘बाबा, हा तू?’

हो म्हटलं.

‘आणि टोपी कधी घेतलीस?’

त्याच दिवशी. गेटच्या आत, संघाच्याच दुकानातून.

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

मालकाला ‘विक’ म्हणून ओरडायचं, आणि ओरडायला मिळावं म्हणून त्याच्याच गल्ल्यात पैसे टाकून आत जायचं. तिकीट, बिअर, टोपी. रजाही टाकली होती शुक्रवारची. एरवी मी हॉटेलात डाळ खारट आली तरी मुकाट्याने गिळणारा माणूस.

नटिंग 2007 पासून मुख्य मालक आहेत. मी त्यांच्याही आधीचा. हे मी मनात इतक्यांदा घोळवलंय, जणू भाडेकरू घरमालकाला सुनावतोय की अहो, तुमच्या आधीपासून राहतोय इथे. 2001 साली स्टेडियम नवं होतं. क्लेमेंटे पुलावरून चालत जायचं, खाली अलेगेनी, मागे गावातल्या उंच इमारती. क्रिकेटवर वाढलेल्या मला नियम निम्मेच कळायचे. पिरोगींची शर्यत पाहून मात्र हसू आलं होतं, की हे लोक करंज्यांना पाय लावून पळवतात. संघ हरतो हे कळायला वेळ लागला नाही. 1993 ते 2012, सलग वीस मोसम निम्मे सामनेसुद्धा जिंकता आले नाहीत. अमेरिकेतल्या कुठल्याच मोठ्या खेळात एवढं सलग कुणी हरलेलं नाही. त्यातली बारा वर्षं माझी.

आणि मग 2013. 1 ऑक्टोबरची ती रात्र, बाद फेरीचा सामना. सगळे काळ्या कपड्यांत, अख्खं मैदान समोरच्या संघाचा गोलंदाज क्वेटो याच्या नावाने हेल काढून ओरडतंय, त्याच्या हातून चेंडू निसटून खाली पडतो आणि पुढचाच चेंडू आमचा रसेल मार्टिन स्टँडमध्ये भिरकावतो. ही तेव्हा शेजारी होती. तिने माझा हात धरला होता. असो.

त्या एका रात्रीवर मी बारा वर्षं काढली. 2015 ला 98 सामने जिंकलो आणि बाद फेरीत एका संध्याकाळीत बाहेर पडलो. 2018 च्या जानेवारीत दोन-तीन दिवसांच्या आत आमचा गोलंदाज कोल दुसऱ्या संघाला देऊन टाकला आणि लाडका मकचनही. संघाच्या इतिहासातला तोवरचा सगळ्यात मोठा करार रेनॉल्ड्सचा, आठ वर्षांचे 10 कोटी 67 लाख डॉलर. तिकडे लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी एकट्या ओतानीला 70 कोटी कबूल केले. या खेळात पगाराला वरची मर्यादा नाही, छोटं शहर मोठ्याशी पैशाने भिडू शकत नाही, हे मला समजतं. गेली दहा वर्षं मीच सगळ्यांना समजावून सांगतोय. मालकाचा वकील फुकटात.

मग चीड कसली? हरण्याची नाही, हरण्याचा मला सराव आहे. दहा दिवसांपूर्वी 12 जिंकून 26 हरल्यावर मॅनेजर शेल्टनला काढलं, त्याचंही काही नाही. चीड याची, की आपण कुठे जात नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. आपल्याला धरलेलंच आहे, गृहीत. मैदानाच्या उजव्या बाजूची भिंत 21 फूट उंच, संघाचा जुना महान खेळाडू क्लेमेंटे याच्या जर्सीवरच्या आकड्यासाठी. त्याच भिंतीवरची त्याच्या 21 ची खूण काढून तिथे दारूची जाहिरात लावली. बोंब झाली तेव्हा परत आणली. आणि मग विटा. स्टेडियम उभं राहताना लोकांनी पैसे भरून ज्यांवर स्वतःची, आजोबांची नावं कोरून घेतली होती, त्या विटा काढल्या आणि रिसायकलिंगच्या आवारात त्यांचा ढीग पडलेला फोटो सगळीकडे फिरला.

मी तेव्हा वीट घेतली नव्हती. परवडत नव्हती, म्हटलं पुढच्या वर्षी घेऊ. त्या बातमीवर पहिल्यांदा बरं वाटलं, की पैसे वाचले. पाच मिनिटांनी फोटो मोठा करून नावं वाचत बसलो. भंगारातसुद्धा माझं नाव नाही.

विटेवर विठोबा अठ्ठावीस युगं उभा आहे. इथे माणसाला नुसता वीट येतो, आणि तरी तो उभाच. चोवीस वर्षं म्हणजे काहीच नाही म्हणा.

रात्री जेवताना धाकटीला विचारलं, कसा दिसतो गं मी त्यात? म्हणाली, ‘खूश दिसतोयस.’ मी परत पाहिला. खरंच की. ओरडताना मी चक्क मजेत आहे. शेजारचा अनोळखी म्हातारा माझ्या खांद्यावर हात टाकून त्याच तालात ओरडतोय. सामना 9-4 हरलो होतो आणि पुलावरून परत येताना आम्ही दोघं मकचनबद्दल बोलत होतो, हे आत्ता आठवलं. म्हणजे पैसे अगदीच वाया गेले नव्हते.

टोपीवरचा स्टिकर अजून काढलेला नाही. तो असाच ठेवतात, असं ती म्हणाली.

तिने तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवरही टाकला. वाईत तेव्हा सकाळ झालेली. पुतण्याने विचारलं, ‘काका काय विकायला सांगतोय?’ धाकटीने समजावलं: मालक लांब राहतो, लक्ष देत नाही, खर्च करत नाही, म्हणून.

त्याखाली माझ्या भावाचा नुसता अंगठा.

मागच्या खोलीची कौलं गेल्याचं त्याने फेब्रुवारीत कळवलं होतं. ‘दादा, एकतर बसवू या नाहीतर देऊन टाकू’ असा त्याचा मेसेज वर कुठेतरी आहे. मी तेव्हा ‘बघतो’ लिहिलं होतं. आत्ता ‘किती खर्च येईल?’ एवढं टाइप करून ठेवलंय. अजून पाठवलेलं नाही. तिकडे तो आता कामावर निघाला असेल.