बचाव आवडतो, म्हणूनच शिट्टी हवी

"तुम्हाला 1-0 चे सामने आवडतात, गोल करणाऱ्यापेक्षा अडवणाऱ्याचं कौतुक तुम्ही जास्त करता. मग बचावपटू जरा अंगावर गेले की एवढ्या का चिडता? खेळ म्हटला की अंगाला अंग लागणारच!" असं मला वरचेवर विचारलं जातं. तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

लागणारच. खांद्याला खांदा भिडवून चेंडू काढून घेणारा बचावपटू मला मनापासून आवडतो. चीड येते ती चेंडूचा विचारच सोडून माणसाला धरण्याची, पाडण्याची, आणि ते ढळढळीत दिसत असूनही शिट्टी न वाजवणाऱ्या रेफरीची. त्यात आघाडीपटूचं नुकसान होतं हे सगळेच म्हणतात. माझं दुःख वेगळं आहे. त्यात सगळ्यात आधी चांगला बचावपटू मारला जातो.

1966 च्या फुटबॉल विश्वचषकात बल्गेरियाविरुद्ध ब्राझीलच्या पेलेला इतक्या लाथा बसल्या की हंगेरीविरुद्धचा पुढचा सामना तो खेळला नाही. पोर्तुगालविरुद्ध परतला, तर त्यांच्या बचावपटू मोराइसनं एकाच चालीत त्याला दोनदा पाडलं. मोराइस शेवटपर्यंत मैदानावर राहिला. बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती, त्यामुळे पेले लंगडत खेळत राहिला आणि ब्राझील 3-1 असं हरलं. आता 1970 चा ग्वादालाहारातला ब्राझील-इंग्लंड सामना पाहा. ब्राझीलचा जाइरझिन्हो वेगानं चालून येतोय आणि इंग्लंडचा बचावपटू बॉबी मूर घाई करत नाही. मागे सरकत राहतो, त्याला पेनल्टी क्षेत्रात येऊ देतो, आणि नेमक्या क्षणी पाय टाकून चेंडू काढून घेतो. समोरच्याला इजा नाही, रेफरीला काही काम नाही. पुढच्याच पावलाला चेंडू घेऊन मूर निघालेला असतो. सामना ब्राझीलनं 1-0 जिंकला आणि तो गोल जाइरझिन्होचाच होता, तरी लोकांच्या लक्षात आजही तो टॅकल आहे. पिवळी आणि लाल कार्डं त्याच विश्वचषकात पहिल्यांदा आली.

मूरनं केलं ते यायला वर्षं लागतात. मोराइसनं केलं ते कुणालाही जमतं. दोघांनाही तेच फळ मिळू लागलं, तर प्रशिक्षक स्वस्तातलं निवडणार. व्यावसायिक खेळात हे चक्क गणित असतं: वीस वेळा जर्सी ओढायची, रेफरी फार तर तीनदा शिट्टी वाजवेल, बाकीचं सगळं फुकट. मग स्वच्छ खेळणारा बचावपटू बाकावर बसतो आणि आडदांड माणूस संघात येतो.

यावर नवे नियम लागतात असंही नाही. आइस हॉकीत काठी अडकवून खेळाडूला मागे खेचणं आधीपासूनच नियमबाह्य होतं, पण डोळेझाक चालायची. 1992 मध्ये त्या खेळातला मोठा खेळाडू मारिओ लेम्यू यावरून जाहीरपणे संतापला, तरी फारसं काही हललं नाही. 2004-05 चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या वादात वाहून गेल्यावर 2005-06 मध्ये एनएचएलनं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगनं, तेच जुने नियम कडकपणे राबवले. सामन्यामागे सरासरी पाचच्या आसपास होणारे गोल सहाच्या वर गेले. त्या हंगामात शिक्षांचा पाऊस पडला, खेळ सारखा थांबायचा, प्रेक्षक वैतागले. पण नंतरच्या हंगामांत शिक्षा कमी होत गेल्या. खेळाडू शिकले.

"कडक नियमांनी बचाव संपेल" म्हणणाऱ्यांना मी बास्केटबॉल दाखवते. चेंडू घेऊन येणाऱ्याच्या कमरेवर हात ठेवून त्याला हवं तिकडे ढकलायचं, हे एनबीए या अमेरिकेतल्या लीगनं 2004-05 मध्ये सक्तीनं बंद केलं. प्रत्येक संघाची सामन्यामागची सरासरी 93.4 गुणांवरून 97.2 वर गेली. आणि त्याच हंगामाच्या अंतिम फेरीत पोहोचले कोण? सॅन अँटोनिओ आणि डेट्रॉइट, दोन्ही बचावासाठीच नावाजलेले संघ! मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. हात काढून घेतले, तेव्हा पाय हलवणारे, जागा ओळखणारे बचावपटू उरले आणि जिंकले.

खरी कसोटी मोठ्या सामन्याच्या शेवटी लागते. "निकाल खेळाडूंना ठरवू द्या" असं म्हणत रेफरी हात आखडता घेतात, आणि ज्यानं आधी धक्का दिला त्याच्या बाजूनं निकाल लागतो. जानेवारी 2019 मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या उपांत्य सामन्यात न्यू ऑर्लिन्स आणि रॅम्स या संघांत 20-20 अशी बरोबरी होती, दोन मिनिटंही उरली नव्हती. चेंडू पोहोचण्याआधीच रॅम्सचा बचावपटू समोरच्यावर जाऊन आदळला. फाउल दिला गेला नाही. जादा वेळेत रॅम्स 26-23 जिंकले आणि सुपर बोलला, म्हणजे अंतिम सामन्याला, गेले. आपण चेंडूच्या आधी पोहोचलो होतो, हे त्या बचावपटूनं सामन्यानंतर स्वतःच मान्य केलं. पुढच्या हंगामात असे धक्के व्हिडिओवर तपासायची सोय आली आणि एकाच वर्षात गुंडाळली गेली, कारण मैदानावर झालेला निर्णय बदलायला तिथेही कुणी सहसा तयार नसायचं. कॅमेरे वाढवून हा प्रश्न सुटेल असं मला म्हणूनच वाटत नाही. लीगनं आपल्या रेफरींना हंगाम सुरू होण्याआधीच स्पष्ट सांगायला हवं: अंतिम सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला फाउल दिलात आणि स्टेडियम तुमच्यावर उलटलं, तरी दुसऱ्या दिवशी आम्ही तुमच्या पाठीशी उभे असू.