तुम्ही विचारलंत म्हणून : भित्र्या माणसाला बोलावणं येतं का?

उपासना संपते, लोक बाहेर पडतात आणि कुणीतरी मागं रेंगाळतं. आवाज खाली घेऊन विचारतं, “देव माणसाला सेवेसाठी बोलावतो म्हणता. पण आम्ही पोटामागं धावणारी माणसं, त्यातून भित्री. आम्हाला कसलं बोलावणं?” विचारणारी कधी मिरजेच्या दवाखान्यात रात्रपाळी करणारी मावशी असते, कधी तासगावकडं द्राक्षबागेत छाटणीला जाणारा तरुण. प्रश्न इतक्यांदा आला, की आता नीट बसून उत्तर लिहायला हवं.

माझं उत्तर बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाच्या ६ ते ८ या अध्यायांत, गिदोन नावाच्या इस्राएली माणसाच्या गोष्टीत आहे. गिदोन म्हटलं की तीनशे माणसं, मडक्यांत लपवलेल्या मशाली आणि रणशिंगं एवढंच आठवतं. ती लढाई घटकाभर बाजूला ठेवा. बोलावणं आलं तेव्हा तो काय करत होता ते बघा. तो द्राक्षकुंडात गहू झोडत होता.

सांगलीकडच्या माणसानं इथं अडखळायला हवं. आपल्याला द्राक्षंही ठाऊक आणि मळणीही. खळं कुठं करतात? उंचवट्यावर, वारं लागेल तिथं. जमीन चोपून, शेणानं सारवून घट्ट करायची, मधोमध तिवडा रोवायचा, भोवती बैलांची पात फिरवायची. मग तिवईवर उभं राहून पाटीतलं धान्य वाऱ्यावर सोडायचं. दाणा खाली पडतो, भुसा उडून बाजूला जातो. आता मळणीयंत्रं आली, पण जतकडच्या जुन्या माणसांना विचारा, सगळं हातवारे करून सांगतील. गिदोनाच्या देशातही रीत साधारण हीच. द्राक्षकुंड मात्र याच्या अगदी उलट. ते खडकात कोरलेलं असतं : वर द्राक्षं तुडवायचा पसरट उथळ हौद, खाली रस साठायचा खड्डा, मधे पन्हळ. तिथं वारं लागत नाही आणि बैलाला फिरायला जागा नाही. मूळ हिब्रू शब्दही काठीनं बडवण्याचा आहे, आपल्याकडं घेवडा बडवतात तसा. दाणा सुटतो, पण हळूहळू, आणि भुसा उडून न जाता नाकातोंडात बसतो.

एवढा त्रास कशासाठी? शेजारचे मिद्यानी लोक सात वर्षं उंटांवरून टोळधाडीसारखे येत होते आणि पिकं फस्त करत होते. उंचावरच्या खळ्यात उडणारा भुसा लांबून दिसतो. तिकडं गव्हाची सुगी मे-जूनची आणि द्राक्षं त्यानंतरची, म्हणजे गव्हाच्या दिवसांत द्राक्षकुंड ओस पडलेलं. लपायला याहून चांगली जागा नाही. आपल्याकडं उन्हाळ्याच्या तोंडाला दोन्ही पिकं मागंपुढं निघतात, म्हणून ही खुबी आपल्या चटकन ध्यानात येत नाही. घाबरलेला असूनही गिदोन हात जोडून बसला नव्हता. घरातल्यांच्या तोंडचा घास वाचवत होता. देवाचा दूत त्याला भेटायला त्या कुंडापाशी आला. अंगाला भुसा चिकटलेल्या माणसाला त्यानं बलवान वीर म्हणून हाक मारली.

गिदोन लगेच हो म्हणाला नाही. देव आमच्याबरोबर आहे तर आमची ही दशा का, असं त्यानं तोंडावर विचारलं. मग कारणं सांगितली : माझं कूळ मनश्शे वंशात सगळ्यात दुबळं आणि घरात मी सगळ्यात धाकटा. हे पुरतं खरंही नव्हतं. त्याच रात्री त्याच्या हाताखाली दहा चाकर दिसतात आणि बआल या परक्या दैवताची गावातली वेदी त्याच्या बापाच्याच जागेत असते. आपल्या सबबी बहुधा अशाच अर्ध्या खऱ्या असतात. देव त्या खोडून काढत बसत नाही. मोशेनंही सासऱ्याची मेंढरं राखताना एकामागून एक सबबी सांगितल्या, त्यालाही तेच उत्तर मिळालं : मी तुझ्याबरोबर असेन.

मग गिदोनानं करडू आणि एक एफा पिठाच्या बेखमीर भाकरी आणल्या. एफा म्हणजे सुमारे २२ लिटरांचं माप. पीठ १२ किलोच्या आसपास भरेल, शंभरावर भाकरी होतील. रूथनं दिवसभर वेचलेलं जव संध्याकाळी काठीनं बडवलं तेव्हा तेही एफाभरच भरलं होतं. म्हणजे टंचाईच्या दिवसांत गिदोनानं दिवसभराच्या लपूनछपून केलेल्या कष्टाएवढं पीठ पुढं ठेवलं. घाबरट म्हणून त्याला हसणाऱ्यांनी हे माप विसरू नये.

पहिलं काम मिळालं ते घरातलंच. रणांगण अजून लांब होतं. बापाच्या जागेतली बआलाची वेदी पाडायची, शेजारचा अशेरा देवीचा लाकडी स्तंभ तोडायचा आणि त्याच लाकडावर सात वर्षांचा बैल अर्पण करायचा. गिदोनानं ते रात्री केलं. घरच्यांची आणि गावाची भीती वाटली म्हणून रात्री केलं, असं शास्त्र उघड सांगतं. आणि ती भीती खोटी नव्हती, कारण सकाळी गाव त्याला मारायला दारात उभं राहिलं. तरी रात्री का केलंस म्हणून देवानं त्याला दोष दिल्याचं कुठंही लिहिलेलं नाही. माझ्या मते सगळ्या गोष्टीत सांभाळून ठेवण्यासारखी जागा हीच. सांगितलेलं काम झालं होतं, आणि कापऱ्या हातांनी केलेलं चाललं होतं.

पुढं गिदोनानं लोकर रात्रभर बाहेर ठेवून देवाकडं खूण मागितली, त्या लोकरीबद्दल फार जण विचारतात. आटपाडीकडचा मेंढपाळ सांगेल, की रात्री बाहेर राहिलेलं घोंगडं सकाळी दमट लागतं, भुई मात्र लवकर सुकते. लोकर ओली आणि भुई कोरडी ही पहिली खूण सहजही घडू शकते. त्या लोकरीतून वाटीभर पाणी निघालं, तरी गिदोनानं दुसऱ्या रात्री उलटं मागितलं : भुई ओली, लोकर कोरडी. पण दोन गोष्टी बघा. काय करायचं हे त्याला आधीच कळलेलं होतं. लोकरीनं त्यानं फक्त धीर मागितला. मोबाईलवर सकाळी आलेलं वचन पाहून नोकरी सोडणारे नेमके इथं चुकतात. दुसरी गोष्ट मला फार आवडते. लोकर त्यानं खळ्यावर ठेवली, उघड्या खळ्यावर. कुंडात लपलेला माणूस तोवर बाहेर आला होता.

“मग भित्र्यांना घरी का पाठवलं?” हा खोचक प्रश्नही येतो. लढाईला ३२,००० जमले होते; भीती वाटते त्यानं परत जावं म्हटल्यावर २२,००० गेले आणि पुढं पाण्यावर आणखी गाळणी होऊन ३०० उरले. अनुवादाच्या २०व्या अध्यायात याचा नियमच आहे : घाबरलेल्यानं घरी जावं, नाहीतर शेजारच्याचंही काळीज पाघळेल. तिथं शिक्षा सांगितलेली नाही. आणि मिद्यानी पळू लागल्यावर नफताली, आशेर, मनश्शे यांना पाठलागासाठी पुन्हा बोलावलं. पहिल्यांदा जमलेलेही याच वंशांतले होते. माघारी गेलेल्यांसाठी दार लागलेलं नव्हतं.

लढाईच्या आधी त्या रात्री देव गिदोनाला म्हणतो, की खाली जायला भीती वाटत असेल तर पुरा नावाच्या चाकराला बरोबर घे. दोघं छावणीच्या कडेला जातात आणि शत्रूचाच एक शिपाई आपलं स्वप्न सांगताना ऐकू येतो : जवाची एक भाकर गडगडत आली आणि तिनं तंबू आडवा केला. जव म्हणजे गरिबाचं धान्य. गिदोनाला धीर आला तो भाकरीच्या स्वप्नानं, आणि सोबतीला एक माणूस होता म्हणून.

आता तुमच्याकडं वळतो. नोकरी सोडावी का? अलीशा संदेष्ट्यानं बोलावणं आल्यावर नांगर जाळून बैलांचं जेवण घातलं हे खरं, पण पौल करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी तंबू शिवून पोट भरत होता. बहुतेकांचं बोलावणं आहे त्या कामाच्या जागीच असतं. मिरजेत तर ते शोधायला लांब जावं लागत नाही. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी इथं मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून हे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातूनही पेशंट येतात, आणि नातेवाईक जिन्याखाली पथारी टाकून राहतात.

तिथं पेशंटांना भेटायला जायचं तर आधी मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चच्या जबाबदार वडीलधाऱ्यांना सांगा आणि एक जोडीदार मागा. येशूनंही शिष्य दोघे दोघे पाठवले. आठवड्यातली एकच संध्याकाळ आणि तीनच महिने, असं ठरवून घ्या. मुदत नसली की भीती वाढते आणि माणूस चौथ्या आठवड्याला गायब होतो. भेटीची वेळ पाळा, सिस्टरला विचारून आत जा. कॉटवर बसू नका. पेशंटच्या उशाशी दहा-पंधरा मिनिटं पुरतात. त्याला नको असेल तर प्रार्थना करू नका. हवी असेल तर दोन-चार वाक्यांची, हळू आवाजात, पेशंटचं नाव घेऊन. नातेवाईक जेवलेत का विचारा, कागद कुठल्या खिडकीला द्यायचा ते दाखवा. बोलायला सुचत नाही म्हणणाऱ्याला हे काम उत्तम जमतं, कारण तिथं निम्मं काम ऐकण्याचं असतं.

बिघडतं ते चांगल्या हेतूनंच. नक्की बरे व्हाल असं वचन दिलं जातं. औषध कमी करा असं कुणी सुचवतं. ते तर कधीच बोलू नका. किंवा पेशंटचा आजार रविवारी प्रार्थनेच्या विषयांत सगळ्यांसमोर सांगितला जातो आणि त्या घराचा विश्वास कायमचा उडतो.

आणि ज्यांची भीती गेली आहे, अनेक वर्षं सेवेत आहेत, त्यांनी ८वा अध्याय पुरता वाचावा. जिंकल्यावर गिदोनानं लुटीतली कुंडलं मागून घेतली. त्यांचं वजन १,७०० शेकेल भरलं, शेकेल ११.४ ग्रॅमचा धरला तर १९ किलोंच्या वर सोनं. विट्याच्या गलाईवाल्यालाच त्याची किंमत कळेल. त्याचं त्यानं एफोद, म्हणजे याजकाच्या पोशाखासारखी एक वस्तू, केलं, आपल्या अफ्रा गावात ठेवलं, सगळे त्याच्या नादी लागले आणि ते त्याच्याच घराला फास झालं. घाबरत होता तेव्हा वेदी, लोकर, छावणी, दर पावलाला तो देवाचं ऐकत, देवाला विचारत होता. एफोद करताना त्यानं विचारल्याचं लिहिलेलं नाही. म्हणून तीन महिने संपले की परत वडिलांकडं जा, काय केलं आणि कुठं चुकलं ते सांगा, पुढं करू का ते विचारा. दहा वर्षं झाली असली तरी विचारा. आणि पहिल्यांदा जाणारा जोडीदार भेटला, तर वॉर्डाच्या दारात तो घुटमळेल तेव्हा त्याला पुढं ढकलू नका. त्याच्याबरोबर दोन मिनिटं दारातच उभे राहा.