कणसातला विसावा मजला

शिकागोत नऊ दिवस होते आणि खरं सांगायचं तर त्यातले सात आता एकमेकांत मिसळून गेलेत. म्युझियम झाली, तळं झालं (याला तळं कसं म्हणायचं, पलीकडचा काठच दिसत नाही), डीप डिश पिझ्झा झाला जो मला अजिबात आवडला नाही. लक्षात राहिलीये ती कपडे धुवायची खोली.

माझी मावसबहीण मरीना सिटीत राहते. नदीकाठचे ते दोन गोल टॉवर, तिथले लोकही त्यांना मक्याची कणसंच म्हणतात. ६५ मजले, त्यातले खालचे १९ नुसतं पार्किंग, गोल गोल चढत जाणारं आणि बाहेरून उघडं, गाड्या अगदी कडेला लावलेल्या. पहिल्या दिवशी मान वर करून बघितलं तेव्हा एवढंच डोक्यात आलं की कोणी हँडब्रेक ओढायला विसरलं तर गाडी थेट नदीत. ताई म्हणाली, "आपण लावायचीच नसते गं, त्यांची माणसं असतात."

घर म्हणजे तर गंमतच. मधे लिफ्टचा खांब, त्याच्याभोवती गोल पॅसेज आणि मग १६ पाकळ्या, ताईचं घर दीड पाकळीचं. किचन-बाथरूमपाशी अरुंद आणि बाल्कनीकडे पसरत जाणारं, पोळीच्या चतकोरासारखं. भिंती सरळ, पण त्या एकमेकींना धड काटकोनात भेटतच नाहीत! मी गादी भिंतीला लावून टाकली तर एका टोकाला चिकटली आणि दुसऱ्या टोकाला हातभर फट, रात्री मोबाईल दोनदा त्या फटीत गेला. लोक याच्या डिझाईनचं फार कौतुक करतात, करू देत, त्यांनी एकदा तिथं कपाट लावून दाखवावं. बाल्कनी मात्र मस्त. तिथं मी सवयीने टॉवेल वाळत टाकला, तर ताईने धावत येऊन आत घेतला, म्हणे या वाऱ्यात तो पलीकडच्या काठावर जाईल.

तर धुणं विसाव्या मजल्यावर. पार्किंग संपतं आणि घरं सुरू व्हायची असतात त्याच्या मधे. ताई ऑफिसला गेलेली, मी मशीन लावून वर आले आणि जेट लॅगमुळे चक्क झोपले. दीड तासाने धावत खाली गेले तर माझे सगळे कपडे घडी करून टेबलावर, परकरासकट! शेजारी एक आजी स्वतःच्या चादरी ड्रायरमधून काढत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सॉरी म्हटलं तर त्यांनी परकर उचलून हे नेमकं काय आहे विचारलं, आणि मग माझ्या इंग्रजीत साडीचं प्रात्यक्षिक झालं, त्यांच्याच चादरीवर.

त्या कित्येक वर्षं तिथं राहतायत. त्यांनीच सांगितलं की ही बिल्डिंग उभी राहिली ती झाडूवाले, वॉचमन, लिफ्टमन अशा लोकांच्या युनियनच्या पैशातून. १९६०च्या आसपास लोक उपनगरात निघून चाललेले, डाउनटाउन रिकामं झालं तर बिल्डिंगा सांभाळणाऱ्यांनी खायचं काय, म्हणून युनियननेच लोकांना मधोमध राहायला आणायचं ठरवलं आणि बर्ट्रांड गोल्डबर्गला आर्किटेक्ट घेतलं. शेजारचा काळा चौकोनी टॉवर मीस व्हॅन डर रोहचा, म्हणजे सरळसोट चौकोनी बिल्डिंगांसाठी गाजलेल्या आर्किटेक्टचा. तरुणपणी गोल्डबर्गने बर्लिनला याच मीसकडे काम केलेलं, आणि पुढे साहेबांचा चौकोन सोडून कणीस बांधलं. तो काळा टॉवर नंतरचा, म्हणजे साहेब स्वतःच कणसाशेजारी येऊन उभे राहिले.

हे सगळं ऐकताना माझं लक्ष खिडकीबाहेर. खाली नदी, पूल, समोर सगळं डाउनटाउन. आपल्याकडे असा व्ह्यू असता तर बिल्डरने तिथं क्लब हाउस काढून मेंटेनन्स वाढवला असता, इथं वॉशिंग मशीन ठेवलेत. पुढच्या दोन दिवसांत मी स्वच्छ कपडेसुद्धा धुवून आणले. ताईला वाटलं मला काहीतरी झालंय.

शेवटच्या दिवशी ती नदीतली बोट टूर केली, महाग आहे आणि मान दुखते. कणसं आल्यावर सगळे फोन वर झाले. गाईडबाई पार्किंगबद्दल काहीतरी जोक मारत होत्या, मी खालून मजले मोजत होते. एकोणीसपर्यंत गाड्या, मग ती काचेची पट्टी. चौदाला बोट पुलाखाली शिरली आणि परत पहिल्यापासून मोजावं लागलं.