सोवळे आणि तांब्या

मंगळवार, रात्र

प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन आज ७ महिने झाले. दुपारी पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणाऱ्या प्रथिनाच्या तपासणीचा, तिसरा रिपोर्ट आला, आकडा ०.०१ पेक्षा कमी आहे. ग्रंथीच काढून टाकल्यानंतर हा आकडा शून्याच्या आसपास राहावा लागतो, आणि तो ०.२ पर्यंत चढून फेरतपासणीतही तसाच राहिला, तर आजार परतला असे डॉक्टर मानतात. हे मला पाठ आहे, तरीही रक्त दिल्यापासून दोन दिवस घास गोड लागत नव्हता. "बाबा, आता तुम्ही सुटलात," असे मुलगा फोनवर म्हणाला. त्याचा आनंद मला समजतो. पण गेल्या ७ महिन्यांत मी ज्याने खचलो होतो, ते या आकड्यात कुठेच नाही.

ग्रंथी काढली की मूत्राशयाच्या तोंडाशी लघवी अडवण्याची जी व्यवस्था असते तिचा मोठा भाग जातो, आणि सगळा भार बाहेरच्या स्नायूवर पडतो. कॅथेटर, म्हणजे लघवीसाठी घातलेली नळी, काढल्यावर शिंकलो, हसलो, खुर्चीतून उठलो, तरी कपडे ओले होत. दिवसाला ५ पॅड लागत. स्वारगेटपासून डेक्कनपर्यंत स्वच्छतागृह कुठे आहे, ते मला तोंडपाठ झाले. पर्वती चढणे सुटले, बालगंधर्वला नाटकाला जाणे सुटले. सगळ्यांना मात्र मी "उत्तम आहे" असेच सांगत होतो, आणि त्यालाच मनाचा खंबीरपणा समजत होतो.

श्रावणात घरी सत्यनारायण होता. पूजा संपवून पाटावरून उठलो तेव्हा सोवळ्यावर ओलसर डाग पडलेला होता आणि पाटही भिजला होता. समोर गुरुजी, दारात शेजारची मंडळी. त्याच क्षणी हिने हातातला पाण्याचा तांब्या माझ्या पायांवर कलंडू दिला आणि "अगंबाई, माझ्या हातून सांडले, तुम्ही आधी सोवळे बदलून या," असे सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

त्या रात्री मी लघवीला वारंवार उठावे लागते या सबबीखाली नेहमीप्रमाणे उशी घेऊन दिवाणखान्याकडे निघालो, तेव्हा तिने मला थांबवले. "अहो, धाकट्याच्या बाळंतपणानंतर वर्षभर मलाही हेच होत होते. मी कोणालाच सांगितले नाही, तुम्हालाही नाही." ३४ वर्षांपूर्वीचे ते वर्ष, त्याच घरात, त्याच छपराखाली, मी काहीही न जाणता काढले होते. मला रडू आले. मग शरीरसंबंधांचाही विषय निघाला. ग्रंथीला लगटून जाणाऱ्या नसा डॉक्टरांनी शक्य तेवढ्या वाचवल्या आहेत, पण त्या सावरायला दीड-दोन वर्षेही लागू शकतात, हे मी तिच्यापासून लपवले होते. ती एवढेच म्हणाली की उशी इथेच ठेवा.

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही दोघे फिजिओथेरपिस्टकडे गेलो. लघवी रोखताना जो स्नायू आवळतो तोच १० सेकंद आवळून धरायचा, तितकाच वेळ सैल सोडायचा, असे १० वेळा, दिवसातून तीनदा. पोट आणि मांड्या आवळायच्या नाहीत. हा व्यायाम मी आधीही करत होतो, पण चुकीचा, आणि विचारायची लाज वाटत होती. आता दिवसाला एक पॅड पुरतो. खोकला आला की अजूनही धास्तावतो. काही दिवस उगाच उदास जातात, तेही आता मी तिला सांगतो.

आज संध्याकाळी नाटकाची तिकिटे काढायला बालगंधर्वच्या खिडकीशी गेलो होतो. रांगेच्या मधल्या खुर्च्या चांगल्या आहेत, असे तिकीट देणारा तरुण म्हणाला. "कडेच्या द्या," मी त्याला म्हणालो, "माझे प्रोस्टेटचे ऑपरेशन झाले आहे, मधेच उठावे लागते." मागे रांगेत चार-पाच माणसे होती. त्याने मान हलवली आणि दाराजवळच्या दोन खुर्च्या दिल्या.