खुबा बदलायचा होता, आडवा आला वजनकाटा

ऑपरेशन कसं झालं असं सगळे विचारतात, पण त्यात सांगण्यासारखं फार काही नाही. झालं, दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभी केली, बास. माझं डोकं अजून फिरतं ते त्याआधीच्या फिटनेसच्या कागदावरून.

आम्ही देवगडचे, हॉस्पिटल कोल्हापूरला, म्हणजे दर वेळी घाट. सर्जन हो म्हणाले, रक्त-इसीजी-एक्सरे सगळं झालं, मग भुलेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे पॅसेजमधल्या काट्यावर उभी राहिले, डाव्या पायावर भार देववत नाही म्हणून भिंतीला हात टेकला तर सिस्टर म्हणते हात काढा, वजन चुकतं. उंची १५२ सेंमी, वजन ९४ किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा, ४० च्या वर. कागदावर 'वजन कमी करून रिव्ह्यू' लिहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक. किती कमी करू विचारलं तर म्हणे जमेल तेवढं. अहो, चालता येत नाही म्हणून तर आलेय ना मी इथे!

डाएटिशियन भेटणार बुधवारी, सर्जनची ओपीडी शुक्रवारी, म्हणजे परत दोनदा घाट. आणि हातात काय, तर छापील कागद: ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल. सासूबाई म्हणाल्या, "ओट्स म्हणजे काय गो?" शेवटी भाच्याने मोबाइलवर हिशोब केला, माझ्या उंचीला बीएमआय ४० म्हणजे ९२ किलो आणि वर थोडं. म्हणजे माझं घोडं अडलेलं दोन किलोंवर! हे तिथे बसलेल्या एकालाही सांगता येऊ नये?

कारण खोटं नव्हतं, ते नंतर सर्जननी नीट समजावलं. चरबीच्या थराला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे जखम उशिरा भरते, इन्फेक्शन आत सांध्यापर्यंत गेलं तर परत उघडावं लागतं. सांधा निखळायची, पायात गुठळी व्हायची भीतीही वजनाने वाढते. ४० ला जादू नाही म्हणाले, धोका हळूहळू चढत जातो, कुठेतरी रेघ मारावी लागते. एवढं पहिल्याच दिवशी बोलले असते तर!

मी भात एकाच वेळेला ठेवला तोही मूठभर, आमटीतलं खोबरं कमी, चहातली साखर बंद, मासे मात्र सोडले नाहीत. उपाशी राहून झटपट उतरवू नका, प्रोटीन कमी पडलं तरी जखम भरत नाही. खुर्चीत बसून हातांचे व्यायाम चालतात. वजन उतरलं, सही मिळाली, तेव्हा तो कागद मी सिस्टरच्या टेबलावर जरा आपटूनच ठेवला.

शुगर असेल तर ती आणि दात, दोन्ही आधीच दाखवून घ्या. घरी आल्यावर माझ्या जखमेतून पाणी येत राहिलं, शेजारचे म्हणाले मेडिकलमधून गोळी आणा, मी सरळ सर्जनना फोन लावला आणि तेच बरोबर होतं, ड्रेसिंगवर निभावलं. पोटरी सुजून दुखली, दम लागला तर रात्र असली तरी निघा. पाटावर बसणं, मांडी घालणं बंद. आणि हो, कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा, ती किती किलो पेलते ते विचारून घ्या, दुकानदार आपणहून सांगत नाही.